स्क्रिप्टने आकडा न तपासताच व्हॉल्यूम बदललं, आता काय? एलव्हीएमवरची तीच ती तक्रार

जळगाव, अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या जिनिंग, दालमिल आणि पतसंस्थांचे छोटे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या काट्यावर लागल्या की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वाढतं, काटा-पावत्या वाढतात, आणि पलीकडून आवाज येतो, "भाऊ, डिस्क भरी गई." मग कुणीतरी सर्व्हरवरचा मेन्यू उघडून जागा वाढवतो. दुसरा फोन त्यानंतरचा असतो, आणि तो जास्त घाबरलेला असतो.

हा मेन्यू म्हणजे सर्व्हर बसवणाऱ्याने लिहून ठेवलेली पंचवीस-तीस ओळींची शेल स्क्रिप्ट. जागा वाढवा, स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत) घ्या, जुना स्नॅपशॉट काढा, नवी डिस्क जोडा, असे चार पर्याय. नाव विचारते, आकडा विचारते आणि जे टाइप झालं ते रूटच्या अधिकाराने थेट एलव्हीएमच्या हातात देते. एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूम नावाच्या भागांत वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था. वर "हो" हे उत्तरही आधीच भरून ठेवलेलं असतं, म्हणजे एलव्हीएमने विचारलेला "खरंच करू का?" हा प्रश्न माणसापर्यंत पोहोचतच नाही. असे मेन्यू मी बऱ्याच ठिकाणी दुरुस्त केले. डिस्क क्वचितच बिघडलेली असते. बिघाड त्या न तपासलेल्या आकड्यात असतो.

आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरंच लागतील.

लक्षणं

यातलं एक जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

मेन्यू "झालं" म्हणतो, पण डिस्क तासाभरात पुन्हा भरते.

एलव्हीएस (व्हॉल्यूमचा आकार सांगणारी आज्ञा) व्हॉल्यूम मोठं दाखवतं आणि डीएफ (फाइलींसाठीची जागा सांगणारी आज्ञा) जुनाच आकडा दाखवतं.

पडद्यावर "इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड" अशी ओळ चमकून जाते आणि काम तरीही पुढे चालू राहतं.

सर्व्हर बंद-चालू केल्यावर व्हॉल्यूम माउंट होत नाही. कर्नलच्या नोंदीत "बॅड जिऑमेट्री" किंवा "अटेम्प्ट टू ॲक्सेस बियाँड एंड ऑफ डिव्हाइस" दिसतं.

एक स्नॅपशॉट काढायला गेलात आणि सोबत दुसरंही व्हॉल्यूम गेलं.

बॅकअपची यूएसबी डिस्क अचानक कोरी दिसते.

शेवटच्या तीनपैकी काही असेल तर आधी हात थांबवा. तोच पर्याय पुन्हा चालवू नका, "रिपेअर करून बघू" म्हणू नका, सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू करू नका. हिशोब हातपावतीवर लिहायला सांगा. एक दिवस वहीवर काम केल्याने कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. घाईत दिलेल्या दुसऱ्या आज्ञेने झालेलं नुकसान मात्र पाहिलं आहे.

आधी बघा, नक्की काय टाइप झालं

याला पैसा लागत नाही आणि डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. समोरच्याला "काय टाकलं होतं?" विचारलं की उत्तर येतं, "वीस टाकले." ते खरंच असतं, पण वीस, वीस आणि जी, धन चिन्ह आणि वीस, या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. धन चिन्ह म्हणजे "इतकं वाढव", ते नसेल तर "एकूण आकार इतका कर". माणसाच्या आठवणीत फक्त वीस उरतात.

एलव्हीएम याची नोंद स्वतः ठेवतं. ईटीसी फोल्डरात एलव्हीएम आणि त्यात आर्काइव्ह नावाचा फोल्डर असतो. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक बदलाआधी व्हॉल्यूमच्या गटाची पूर्ण रचना तिथे एका मजकूर फाइलीत उतरते, आणि वर्णनात "ही आज्ञा चालवण्याआधी" असं म्हणून ती आज्ञा जशीच्या तशी लिहिलेली असते. व्हीजीसीएफजीरिस्टोअर या जुनी रचना परत बसवणाऱ्या आज्ञेला लिस्ट हा पर्याय आणि गटाचं नाव दिलं की तारीख-वेळेसह सगळी यादी समोर येते. लिस्ट दिल्यावर ती फक्त दाखवते, काही बदलत नाही.

ती यादी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि आर्काइव्हचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. पुढे डेटा परत आणायची वेळ आली तर सगळी मदार याच फाइलींवर असते. त्या जर अडकलेल्या सर्व्हरवरच राहिल्या तर उपयोग नाही.

एकक चुकलं का?

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं आणि सुदैवाने यात काही बिघडत नाही. एलव्हीएमला आकाराचा आकडा एककाशिवाय दिला तर ते तो मेगाबाइट धरतं. मुनीमजींच्या मनात ५० जीबी, स्क्रिप्टने धन चिन्ह लावून पाठवले नुसते ५०. एलव्हीएम जागा ४ मेगाबाइटच्या तुकड्यांत देतं, म्हणून ५० चे वर ढकलून ५२ करतं आणि तसं सांगतंही: "राउंडिंग साइझ टू बाउंड्री बिटवीन फिजिकल एक्स्टेंट्स, ५२.०० एमआयबी". ही ओळ दिसली की निदान झालं. १३ तुकडे मिळाले, काम यशस्वी म्हणून जाहीर झालं, आणि कॅमेऱ्याने ती जागा काही मिनिटांत खाल्ली.

मोठा एल आणि छोटा एल यांचाही असाच घोळ होतो. मोठा एल आकार घेतो, छोटा एल तुकड्यांची संख्या. छोट्या एलसोबत ५० दिले तर ५० तुकडे, म्हणजे २०० मेगाबाइट.

डिस्कच्या खोक्यावरचा आकडाही जुळवून घ्या. ५०० जीबीची डिस्क एलव्हीएमच्या मोजणीत साधारण ४६५ भरते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि एलव्हीएम १०२४ ने. खोक्यावरचे ५०० बघून कुणी ४८० मागितले तर जागा अपुरी असल्याचा नकार येतो. त्यात काही दोष नाही.

व्हॉल्यूम वाढलं, फाइलसिस्टिम तिथेच

एलव्हीएस आणि डीएफ यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. व्हॉल्यूम म्हणजे शेत, फाइलसिस्टिम म्हणजे त्यातली पेरणी. बांध सरकवला म्हणून पेरा वाढत नाही. ईएक्सटी४ असेल तर रिसाइझटूएफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस चालवा. वाढवण्याचं काम दोन्हींत माउंट असतानाही होतं.

स्क्रिप्टमध्ये ही पायरी असूनही फरक दिसत असेल, तर आधीची पायरी फसली आणि स्क्रिप्टने ते पाहिलंच नाही. मग पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

आकड्यात काय काय येऊ शकतं

इथे जरा थांबून वाचा. मूळ दोष या जागी आहे.

पावत्या मराठीत टाइप करायच्या म्हणून कीबोर्ड मराठीवर असतो. त्याच खिडकीतून मेन्यू उघडला की ५० हा आकडा देवनागरीत जातो. एलव्हीएमला तो कळत नाही, ते नकार देतं. पण स्क्रिप्ट त्या नकाराकडे न बघता खालच्या ओळीवर जाते आणि शेवटी "झालं" छापते. पायथनमध्ये लिहिलेल्या मेन्यूत आणखी गंमत होते: पायथन देवनागरी ५० ला बिनतक्रार पन्नासच समजतं. म्हणजे तिथली तपासणी पास होते, आणि मूळ अक्षरं तशीच पुढे गेली तर एलव्हीएम अडतं. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणारी मोकळी जागा किंवा साध्या वजाऐवजी लांब आडवी रेघ येते, ती वेगळीच.

आकड्यापुढे शून्य टाकायची सवय असणारेही आहेत. बॅशच्या अंकगणितात शून्याने सुरू होणारी संख्या आठच्या पायावर वाचली जाते, म्हणून ०५० चे ४० होतात. स्क्रिप्टने मोकळी जागा तपासली ४० साठी, एलव्हीएमने दिले ५०.

आता या सगळ्यात वाईट प्रकार. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला आणि नंतर दोन ठिकाणी तसाच सापडला. तिथल्या स्क्रिप्टमध्ये सुरक्षेची ओळ होती. नवा आकार जुन्यापेक्षा लहान असेल तर थांब, असं तीत लिहिलेलं. व्हॉल्यूम २०० जीबीचं. दिवाणजींना २० जीबी वाढवायचे होते, त्यांनी २० आणि त्याला चिकटून जी टाकला. शेलला "२० जी" ही पूर्ण संख्या वाटेना, म्हणून त्याने "इंटिजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड" म्हटलं. तुलनाच फसली. आणि शेलमध्ये "जर" ची अट फसली की ती खोटी धरली जाते. म्हणजे "लहान आहे का?" याचं उत्तर "नाही" असं गृहीत धरून स्क्रिप्ट पुढे गेली. पुढची ओळ एलव्हीरिसाइझची होती, धन चिन्हाशिवाय, "हो" आधीच भरलेली. २०० जीबीचं व्हॉल्यूम २० जीबीचं झालं.

तपासणी लिहिलेली होती, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तुमच्याकडे अशी ओळ असेल तर चाचणीच्या मशीनवर तिला रिकामं उत्तर, अक्षरं, देवनागरी आकडे आणि आकडा-अधिक-जी देऊन बघा. अडली नाही तर ती ओळ नसल्यातच जमा.

नाव रिकामं राहिलं का?

स्नॅपशॉट काढण्याच्या पर्यायात नाव विचारतात. कुणी नुसतं एंटर दाबलं, आणि स्क्रिप्टने जोडलेल्या आज्ञेत फक्त गटाचं नाव उरलं, तर एलव्हीरिमूव्ह त्या गटातली सगळी व्हॉल्यूम काढायला घेतं. तो त्याचा दोष नाही, त्याची वागणूक तशीच ठरलेली आहे. माउंट असलेली व्हॉल्यूम वापरात म्हणून वाचतात. जातात ती माउंट नसलेली: बॅकअपचं, जुन्या वर्षाच्या हिशोबाचं. गेलेली लगेच लक्षातही येत नाहीत. म्हणून आर्काइव्हच्या यादीत एलव्हीरिमूव्ह दिसलं की त्यापुढे नेमकं काय लिहिलं आहे ते अक्षर न् अक्षर वाचा.

डिस्कचं नाव सरकलं का?

एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. बॅकअपची यूएसबी लावलेली असताना वीज गेली, इन्व्हर्टर दमला, सर्व्हर पुन्हा उठला, की काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी असू शकते. आपल्याकडे वैशाखात हे आठवड्यातून दोनदा होतं. मग "नवी डिस्क जोडा" या पर्यायात जुनंच नाव टाकलं की पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमसाठी तयार करणारी आज्ञा) भलत्या डिस्कवर जातं.

माउंट असलेली डिस्क ते घेत नाही. माउंट नसलेल्या ईएक्सटी४ डिस्कवर ते आधी सांगतं, "ईएक्सटी४ सिग्नेचर डिटेक्टेड ॲट ऑफसेट १०८०, वाइप इट?" पण "हो" आधीच भरलेलं असेल तर ही खूण विचारण्याआधीच पुसली जाते. एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या आज्ञेने मॉडेल, सीरियल आणि आकार छापून बघा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडा. कोरी दिसणारी यूएसबी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. खूण गेली असली तरी बराच डेटा जागेवर असतो.

आकसलेलं व्हॉल्यूम परत आणणं

इथून पुढचं काम अवघड आहे. धरणगावच्या त्या मशीनवर कर्नलची ओळ अशी होती: ब्लॉक काउंट ५२४२८८००, डिव्हाइसचा आकार ५२४२८८० ब्लॉक. दोन्ही आकडे नीट बघा. फक्त एक शून्य कमी आहे. ४ किलोबाइटच्या ब्लॉकने पहिला आकडा २०० जीबी होतो, दुसरा २०. फाइलसिस्टिम अजून स्वतःला २०० ची समजते आहे, म्हणून ती माउंट व्हायला नकार देते. हा नकार आपल्या फायद्याचा आहे.

या अवस्थेत ईटूएफएससीके (ईएक्सटी४ तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं तर ते दोन आकार जुळत नाहीत म्हणून "थांबू का?" विचारतं. थांबा. जबरदस्तीने दुरुस्ती करायला लावली तर २० च्या पलीकडचं सगळं ते नसलेलं धरेल.

सुटलेले तुकडे एलव्हीएम पुसत नाही, फक्त मोकळे म्हणून नोंदवतं. त्यावर नवं व्हॉल्यूम बसलं नसेल तर जुनी रचना परत बसवता येते. आधी तीन गोष्टी बघाच. पहिली: एलव्हीएमच्या मांडणी फाइलीत इश्यू-डिस्कार्ड्स किती आहे. मूळचं ० असतं. कुणी १ केलं असेल आणि डिस्क एसएसडी असेल, तर सुटलेले तुकडे तेव्हाच डिस्कच्या आत पुसायला गेले. दुसरी: गटात थिन पूल (व्हॉल्यूमला लागेल तशी जागा देणारा साठा) आहे का. तिसरी: चुकीनंतर आणखी कुठली आज्ञा चालली. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तरच पुढे.

मी करतो तो क्रम असा. दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यूने पूर्ण प्रत. डिस्क आणायला शहरात जावं लागलं तरी ही पायरी मी सोडत नाही, मालकाने घाई केली तरी नाही. मग व्हॉल्यूम अनमाउंट करून एलव्हीचेंजने निष्क्रिय. व्हीजीसीएफजीरिस्टोअरला त्या चुकीच्या आज्ञेच्या आधीची फाइल, आधी टेस्ट पर्यायासह, मग खरी. व्हॉल्यूम सक्रिय. ईटूएफएससीके आधी फक्त वाचण्याच्या पर्यायाने. चुका मोजक्या असतील तरच दुरुस्ती. शेवटी रीड-ओन्ली माउंट करून डेटा बाहेर काढायचा. रूट फाइलसिस्टिम त्याच गटात असेल तर हे सगळं लाइव्ह यूएसबीवरून करावं लागतं, आणि म्हणूनच आर्काइव्ह आधी पेनड्राइव्हवर घ्यायला सांगितलं. एक्सएफएस असेल तर तपासणी एक्सएफएस-रिपेअरची, तीही आधी फक्त वाचणारी.

धरणगावला दिवाणजींनी काहीच पुढे केलं नव्हतं. फोन लावला आणि खुर्चीवर बसून राहिले. म्हणून त्यांच्या पावत्या सगळ्या मिळाल्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

थिन पूल असेल तर थांबा, तिथे जुनी रचना बसवणं वेगळं आणि धोक्याचं काम आहे. इश्यू-डिस्कार्ड्स १ असेल किंवा एसएसडीवर ट्रिम (मोकळी जागा आतून पुसायला सांगणं) चालून गेलं असेल, तर सर्व्हर बंद करा. कुणी आधीच ईटूएफएससीकेला सगळीकडे "हो" दिलं असेल, नवी फाइलसिस्टिम बनवली असेल, आर्काइव्हमध्ये चुकीआधीची फाइल नसेल, खाली रेड किंवा एन्क्रिप्शन असेल, तरी तेच. डिस्कमधून टकटक येत असेल तर तुम्ही प्रतही घेऊ नका, वीज काढा. आणि प्रत घ्यायला दुसरी डिस्कच नसेल, तर तुमच्याकडे एकच संधी आहे, ती स्वतः वापरू नका.

नाशिक किंवा पुण्याला डिस्क पाठवायची असेल तर अँटिस्टॅटिक पिशवीत, फोममध्ये घट्ट बसवून, सोबत आर्काइव्हची प्रत आणि काय टाइप झालं याची चिठ्ठी. उन्हाळ्यात ती गाडीच्या काचेखाली ठेवून जेवायला उतरू नका. आपल्याकडे सावलीत ४५ अंश होतात, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त.

स्क्रिप्टची दुरुस्ती

डेटा मिळाला की त्याच दिवशी हे करा, नाहीतर पुढच्या हंगामात तोच फोन.

"हो" भरून ठेवलेला पर्याय सगळीकडून काढा. वाढवायचं असेल तिथे एलव्हीरिसाइझऐवजी एलव्हीएक्स्टेंड वापरा. २०० जीबीवर चुकून २० दिले तरी ते नकार देतं: ५१२० तुकडे सध्याच्या ५१२०० पेक्षा मोठे नाहीत, असं सरळ सांगून. नव्या एलव्हीएम आवृत्त्या लहान करताना फाइलसिस्टिमही तपासतात, पण आपल्याकडच्या बहुतेक कपाटांतले सर्व्हर जुने आहेत, त्यावर विसंबू नका.

आकड्यात फक्त इंग्रजी ० ते ९, पहिला अंक शून्य नाही, जास्तीत जास्त चार अंक. लोकेल (भाषेची मांडणी) सी ठेवून तपासा, कारण इतर लोकेलमध्ये ० ते ९ च्या कंसात भलते अंकही बसू शकतात. बाकी काहीही आलं की बाहेर. जी आणि धन चिन्ह स्क्रिप्टने स्वतः लावायचं, माणसाकडून घ्यायचं नाही. तपासणी उलटी लिहा: "चूक असेल तर थांब" असं नको, "बरोबर असेल तरच पुढे जा" असं हवं. मग तुलना फसली तरी काम थांबतं.

नाव रिकामं असेल तर शेलने तिथेच मरावं, त्यासाठी चलाच्या (व्हेरिएबलच्या) नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावायची सोय आहे. नाव एलव्हीएसच्या यादीत आहे का ते बघा. डिस्क सीरियलवरून निवडायला लावा. प्रत्येक आज्ञेनंतर ती यशस्वी झाली का ते तपासा, आणि नसेल तर "झालं" छापू नका.

शेवटी विचारा, पण मराठीत आणि पूर्ण: "कॅमेरा व्हॉल्यूम आत्ता २०० जीबी आहे, ते २२० जीबी होईल. चालेल तर व्हॉल्यूमचं नाव टाइप करा." नुसतं वाय दाबायला सांगितलं तर बोट सवयीने दाबतं. नाव टाइप करायला लावलं की माणूस ओळ वाचतो. धरणगावला हे बसवल्यावर दिवाणजींनी पहिल्याच आठवड्यात फोन केला: "इथे २०० चे २०२ होतील म्हणतंय, मला तर वीस पाहिजेत." एक शून्य राहिलं होतं, आणि या वेळी ते एंटर दाबायच्या आधी दिसलं.